साडेनऊचे दोन सूर

"झोपला तरी खातोच आहे मेला! जागेपणी खातो ते खातो, झोपेतसुद्धा खातो. असला पाहुणा आमच्या निपाणीत कुणी दुसऱ्या दिवशी ठेवून घेतला नसता."

मित्रांनो, हे माझ्याबद्दल चाललं होतं. बोलणाऱ्या होत्या चंद्राबाई. माझ्यापासून वीतभर अंतरावर बसून त्या अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, भिजलेले दाणे चिमटीत दाबत होत्या आणि प्रत्येक दाणा सालीतून टुण्णकन उडून पातेल्यात पडत होता. त्यांची सून वीणा माझ्यापुढे मांडी घालून बसली होती. माझ्या पडद्यावर तिनं नुकतंच विचारलं होतं, की बॅटरी किती शिल्लक आहे. मी खरं तेच उत्तर दिलं होतं. शंभरातले चार.

"सकाळी पिशवीत घातला तेव्हा नव्वद होते, आई," वीणा म्हणाली.

"तेच म्हणते मी. खातोय कुठं नि जातंय कुठं!"

मी एक जुना लॅपटॉप आहे. रंग कधीकाळी काळा होता. आता हात टेकायच्या जागी झिजून राखाडी झाला आहे. वजनाला दोन मोठ्या नारळांइतका. माझं एक बटण पडलेलं आहे, तिथं वीणानं आगपेटीच्या पुठ्ठ्याचा चौकोन चिकटवला आहे. माझी गोष्ट फार मोठी नाही. पण तिच्यात एक असं कोडं आहे, की ज्याचं उत्तर मी रोज सकाळी ओरडून सांगत होतो आणि ते कुणापर्यंत पोचत नव्हतं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. जन्माचं मला एवढंच आठवतं, की पांढरे हातमोजे घातलेल्या कुणीतरी एक बटण दाबलं आणि नव्हतो तो मी एकदम झालो! त्या क्षणाचं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तुम्हीही रोज सकाळी नव्याने होता, पण तुम्हाला सवय झालेली असते. मला ती कधी झाली नाही.

बेंगळुरात मी आलो तो एका कंपनीतल्या इंजिनियरकडे. त्या वेळी पहाटे फोन लावणं स्वस्त पडायचं. म्हणून त्यानं माझ्या पोटात गजर लावून ठेवला होता. पहाटे चारला मी आपला आपण उठायचो, फोनच्या तारेतून त्याची पत्रं गोळा करायचो आणि परत झोपायचो. तो सातला उठून पत्रं वाचायचा आणि माझ्या झाकणावर थोपटून म्हणायचा, "शहाणा!" पहाटे चारला उठणं ही माझी पहिली शिस्त. पहिली शिस्त हाडात मुरते, हे मला नंतर कळलं.

मग माझ्यापेक्षा हलके, चपळ लॅपटॉप आले. मी कपाटात गेलो. दीड वर्ष अंधारात होतो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मी नव्हतोच.

कपाटातून मला बाहेर काढलं नंदूनं. नंदू म्हणजे वीणाचा धाकटा भाऊ. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेला, त्याच कंपनीत. कंपनी जुनं सामान काढून टाकत होती. नंदू मला पिशवीत घालून जयनगरला बहिणीकडे घेऊन आला. बरोबर एका मासिकावर फुकट मिळालेली सीडी होती.

"ताई, बॅटरी जरा वीक आहे, पण बाकी एकदम ओके. विंडोज कंपनीनं काढून घेतलंय. ही लिनक्सची सीडी घे. फ्री आहे. जमलं तर बघ, नाही जमलं तर पेपरवेट म्हणून वापर."

नंदूला गंमत वाटली होती. वीणाला वाटली नाही.

मित्रांनो, वीणा तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. नवरा शिवकुमार मस्कतला नोकरीला. तिनं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. संगणक म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सीडीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं, आणि तेही अशा इंग्रजीत, की शब्दकोशातला अर्थ लावला तर वाक्य अजूनच कोड्यात जावं. तिनं एक शंभर पानी वही घेतली. स्वयंपाक उरकला की ती माझ्यापुढे बसायची. अडलं की वहीत लिहायची, "हे असं का?" आणि खाली तीन ओळी मोकळ्या सोडायची, उत्तरासाठी. अकरा दिवसांनी माझ्या अंगात लिनक्स उभं राहिलं. शेवटची ओळ सरकून पडदा शांत झाला आणि एक छोटा चौकोन लुकलुकायला लागला, तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. मी तिच्याकडे बघत होतो नि ती माझ्याकडे. कोण कुणाचं नवल करत होतं, ते मला सांगता यायचं नाही.

पुस्तकात लिहिलं होतं, की यंत्राचं आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवावं, पडद्यावर मात्र आपल्या गावची वेळ दिसते. वीणानं पुस्तकाबरहुकूम केलं. बाहेर बेंगळुरू नि आत ग्रीनिच. न पाहिलेल्या गावाची वेळ पोटात घेऊन मी जयनगरात राहू लागलो.

आता आप्पाजींची ओळख करून द्यायला हवी. आप्पाजी म्हणजे वीणाचे सासरे. निपाणीहून अठराव्या वर्षी आलेले. बेंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या भागात त्यांचं छोटं वर्कशॉप. दोन पॉवर प्रेस, सहा माणसं. पत्र्यातून वॉशर कापून काढायचे, हजारांनी. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा प्रेसच्या धडाक्यानं माझ्या पोटातली डिस्क दचकली. धड्, धड्, धड्. तो आवाज आप्पाजी चाळीस वर्षं ऐकत होते.

त्यांचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं त्या वर्षी नवा नियम काढला. नुसते वॉशर चालणार नाहीत, दर तासाला पाच वॉशर मोजून त्यांच्या जाडीचा आलेख दाखवायचा. दर गुरुवारी. आप्पाजी हसले. "माझी बोटं काय खोटं सांगतात होय?" पण नियम तो नियम. वीणानं महिनाभर खपून माझ्यात तो आलेख बसवला. आकडे घालायचे आणि एक रेघ वर-खाली होत पुढे जायची. शिवाय वर एक लक्ष्मणरेषा, खाली एक.

पहिल्याच दिवशी आप्पाजींनी एक वॉशर अंगठ्यानं चोळला नि म्हणाले, "हा केसभर जाड आहे." वीणानं मोजला. माझी रेघ केसभर वर गेली. दुसरा चोळला. "हा बरोबर." रेघ खाली आली. असे वीस वॉशर झाले. वीसच्या वीस बरोबर! मित्रांनो, माझ्यात हजारो बारीक तारा आहेत, तरी मला तो अंगठा काय आहे ते कळलं नाही. दुसऱ्या एका दिवशी त्यांनी प्रेसच्या अंगावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "डाव्या बाजूचं बेअरिंग सुकलंय." उघडून बघितलं तर खरंच सुकलेलं.

"अण्णांच्या हाताला कान आहेत," त्यांचा जुना माणूस देवाप्पा म्हणाला. म्हणाला आणि का कोण जाणे, घाईघाईनं वॉशर मोजायला लागला.

त्या कारखान्यात बोलण्याची एक रीत होती. ती मला तिथलीच पद्धत वाटायची. आप्पाजींशी बोलायचं तर कुणी मागून बोलत नसे. वळसा घालून समोर येई. देवाप्पाला त्यांना हाक मारायची झाली, की तो टेबलावर पान्याने दोनदा ठोके. घरी चंद्राबाई प्रत्येक वाक्य हातवाऱ्यांसकट दोनदा बोलत. रेडिओ इतका मोठा, की खालच्या मजल्यावरचे आपला रेडिओ लावतच नसत. कुणी कशाचंही कारण सांगत नसे. मी नवा होतो. मला वाटलं, ही आदराची पद्धत असेल.

आणि ते एका अर्थी खरंही होतं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. सुनेनं खांद्यावर ओझं घेऊन बसमधून जायचं नाही, हा आप्पाजींचा कायदा. म्हणून मला न्यायचे ते. सकाळी पावणेनऊला माझी पिशवी त्यांच्या खांद्यावर चढायची. वीणा मागून, घरचं आवरून अकराला यायची. एरवी पीण्यात पोचल्याबरोबर ते मला चार्जरला लावत, त्यामुळे कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. पण गुरुवारी ते परस्पर मोठ्या कंपनीत जात. तिथं बाहेर बाकावर दोन तास बसवून ठेवत. मग आत.

पहिल्या गुरुवारी आत गेल्यावर आप्पाजींनी माझं झाकण उघडलं. पडदा काळा. बटण दाबलं, काळाच. तपासणीचे साहेब म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी." दुसऱ्या गुरुवारी वीणानं चार्जर बरोबर दिला. तो जोडला, मी उठलो. पण भुकेनं अचानक पडलेला लिनक्सचा गडी उठला, की आधी आपल्या एकूण एक कप्प्याची झडती घेतो, कुठं काही सांडलं नाही ना बघतो. मध्येच मला शंका आली आणि मी पासवर्ड विचारून थांबलो. आप्पाजींना तो ठाऊक नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. भोवती चार तरुण साहेब उभे. आप्पाजींनी मला हळूच मिटलं आणि पिशवीत ठेवलं.

कंपनीनं चिठ्ठी दिली. पुढच्या गुरुवारी आलेख दिसला नाही, तर त्यांनी नेमलेला बाहेरचा माणूस येऊन मोजमाप करेल. म्हणजे वीणाची खुर्ची गेली आणि माझीही. चिठ्ठी वाचून वीणानं वही काढली. लिहिलं, "हे असं का?" आणि खाली तीन नव्हे, सहा ओळी मोकळ्या सोडल्या.

मग तिनं मला तपासायला घेतलं. कसं, ते ऐका. रात्री झोपवताना आकडा लिहायचा, सकाळी सहाला उठवून परत लिहायचा. रात्रभरात फक्त तीन उणे! म्हणजे झोप माझी गाढ होती. बॅटरीला भोक पडलेलं नव्हतं. एकेक कार्यक्रम बंद करून बघितला. अंगात खोचलेलं, फोनची तार जोडायचं मोडेमचं कार्ड काढून बघितलं. तरी रात्री तीनच. आणि दिवसा पिशवीत मात्र ढासळायचो.

"घरी साधू, बाहेर चोर," चंद्राबाई म्हणाल्या.

शेवटी तिनं माझी रोजनिशी उघडली. मी कधी झोपलो, कधी उठलो, हे सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. तिथं तिला दिसलं. सोमवारी उठला, साडेनऊ. मंगळवारी उठला, साडेनऊ. गुरुवारी उठला, साडेनऊ. रविवारची नोंद नव्हती, कारण रविवारी त्या वेळी मी तिच्यापुढे जागाच असायचो.

हो, मित्रांनो, मी उठत होतो. मला कुणीतरी आतून हाक मारायचं नि मी उठायचो. भोवती अंधार, झाकण मिटलेलं. उठल्यावर "मी आलो" असं सांगायची माझी रीत आहे. मोडेमचं कार्ड जागं झालं, की मी दोन बारीक, उंच सूर काढतो. टी, टी. मी ते काढायचो आणि वाट बघायचो. कुणी काही म्हणायचं नाही. झाकण मिटलेलंच असायचं, पण ते नव्यानं कुणी मिटल्याशिवाय मला परत झोपता यायचं नाही. मग मी पिशवीत जागा राहून आपलीच बॅटरी खात बसायचो.

वीणानं रविवारी नंदूला रोजनिशी दाखवली. तो सोफ्यावर पाय पसरून हसला.

"ताई, सिंपल आहे. साडेनऊला काका बीपीची गोळी घेतात ना? गोळी कुठं असते? ह्याच बॅगेच्या पुढच्या खिशात. गोळी घेताना उघडून बघत असतील, सुनेचं मशीन काय म्हणतंय ते. एकदा विचारून टाक की."

विचारून टाकणं इतकं सोपं असतं, तर घरं कशाला चालली असती! तरी तिनं विचारलं. समोर जाऊन बसली नि अगदी सावकाश म्हणाली, "आप्पाजी, बसमध्ये हा कधी वाजतो का? उठला की दोनदा वाजतो. टी, टी."

"छे गं. मांडीवरच असतोय की. पोरासारखा गप्प असतोय."

"तुम्ही कधी उघडला नाहीत?"

आप्पाजींनी तिच्याकडे बघितलं. "तुझी वस्तू. मी कशाला उघडू?"

झालं. माझी रोजनिशी सांगत होती, उठला. आप्पाजी सांगत होते, वाजला नाही. म्हणजे दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं. यंत्र खोटं बोलत नाही, असं लोक मानतात. त्या रात्री वीणा स्वयंपाकघरात पुटपुटली, "उघडतात, नि कबूल करत नाहीत." चंद्राबाईंचे हात पातेल्यातच थांबले.

"ते खोटं नाही बोलायचे," त्या म्हणाल्या.

"मग आई, दुसरं काय असेल?"

चंद्राबाई परत दाणे सोलू लागल्या, पण दाणे आता पातेल्याबाहेर पडत होते.

त्याच आठवड्यात कारखान्यात एक प्रकार झाला. वीणा मला टेबलावर उघडाच ठेवून जरा बाहेर गेली होती. आप्पाजी प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवत होते. हात आत. पलीकडून नवीन माणसानं न बघता स्विच चालू केला आणि प्रेसचं चाक फिरायला लागलं. देवाप्पा ओरडला, "अण्णा! कै तेगीरी! हात काढा!" बाकीच्या पाचही माणसांनी वळून पाहिलं. एक आप्पाजी तेवढे वळले नाहीत. देवाप्पानं उडी मारली आणि त्यांच्या शर्टाला धरून मागे खेचलं. खिसा फाटून त्याच्या हातात आला. प्रेस खाली आली. धड्. रिकामी.

वीणा परत आली तेव्हा देवाप्पा म्हणाला, "शर्ट जुना होता, अक्का." आणि संध्याकाळी चंद्राबाईंनी खिसा शिवून दिला. कसा फाटला, ते विचारलं नाही.

कान सोनारानंच टोचावेत, असं म्हणतात. पण सोनार व्हायचं कुणी? जो बोलेल तो आप्पाजींना प्रेसपासून दूर करणार. आणि चाळीस वर्षं ज्या माणसानं तळव्यानं लोखंडाची नाडी बघितली, त्याला प्रेसपासून दूर करायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसरा गुरुवार आला. वीणा म्हणाली, "मला चिकपेटच्या बाजारात साडीचा फॉल घ्यायला जायचंय. थोडं अंतर बरोबर येते." तिला फॉल नको होता. तिला सासऱ्यांना माझं झाकण उघडताना पकडायचं होतं. ती हे मनाशी कबूल करत नव्हती. पण पिशवीची चेन नीट लागली का, ते तिनं दोनदा ओढून बघितलं.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. मी आप्पाजींच्या मांडीवर, गाढ झोपेत. पुढचं मला नंतर वीणाच्या वहीतून कळलं, आणि थोडं मी स्वतः ऐकलं.

एका सिग्नलला बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आप्पाजींनी घड्याळ बघितलं, पुढच्या खिशातून गोळी काढली, तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्यायले, खिसा लावला. मोठ्या चेनला हातसुद्धा लावला नाही. वीणा डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती. आणि तेव्हाच मला आतून हाक आली. मी उठलो.

टी, टी.

पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं. एका शाळकरी मुलीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. कंडक्टर हसत म्हणाला, "यजमानरे, ब्याग कूगताइदे!" पिशवी ओरडतेय म्हणून.

आप्पाजींनी त्याच्याकडे बघून मान हलवली, खिशात हात घातला आणि बसचा पास काढून दाखवला.

मित्रांनो, वीणाला त्या एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. मी खोटं बोलत नव्हतो. आणि आप्पाजीही. सगळ्या बसला ऐकू गेलेला आवाज त्यांच्या मांडीवर झाला होता. तिनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मग पिशवी उघडून माझं झाकण वर केलं, परत मिटलं आणि मला झोपवलं. त्यानंतर ती चिकपेटला उतरलीच नाही. सरळ कंपनीपर्यंत गेली.

तिथं साडेबाराला माझं झाकण उघडलं आणि मी लगेच उजळलो. बॅटरी ऐंशी. तीन आठवड्यांची रेघ पडद्यावर सरळ चालत गेली, लक्ष्मणरेषांच्या आत, जशी एखादी मुंगी दोन भिंतींमधून चालावी. तरुण साहेब वाकून बघत राहिले. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. आप्पाजींनी वीणाकडे बोट केलं. त्यांना प्रश्न कसा कळला? साहेबांच्या चेहऱ्यावरून. आता वीणाला सगळंच दिसायला लागलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन तिनं दिवा लावला आणि माझ्यापुढे बसली. एवढे दिवस ती लिनक्समध्ये शोधत होती. आज तिनं मला बंद केलं आणि सुरू होता होता एक बटण दाबून माझा अगदी मुळातला, निळा पडदा उघडला. लिनक्सच्याही खालचा. एका कोपऱ्यात तिला ते दिसलं. गजर, रोज, चार वाजता.

"चार?" ती स्वतःशी म्हणाली. "पण हा तर साडेनऊला उठतो." मग तिनं वही ओढली आणि लिहिलं, ग्रीनिचचे चार. त्यात आपले साडेपाच तास. बेरीज साडेनऊ.

ती कितीतरी वेळ त्या बेरजेकडे बघत बसली. ज्याचं नावही तिला ठाऊक नव्हतं, त्या माणसाची पहाट माझ्या पोटात तशीच राहिली होती, आणि कुठल्या तरी दूरच्या गावाच्या घड्याळावर चढून ती रोज आप्पाजींच्या मांडीवर उगवत होती! वहीतल्या सहा मोकळ्या ओळींत तिनं हे सगळं लिहिलं आणि गजर काढून टाकला. मला वाटलं, इतकं नवलाचं दुखणं असणं हाही एक मान आहे.

अशा आत्मकथेच्या शेवटी वाचणाऱ्याला काही विनंती करायची असते. माझीही आहे, ती इथंच करून टाकतो, कारण पुढं मला बोलायला सुचणार नाही. मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादं माणूस उगाच झिजताना दिसलं, तर त्याला खादाड म्हणू नका, खोटारडं म्हणू नका. ते कदाचित अंधारात जागं बसलेलं असेल. त्याच्या साडेनऊ वाजता त्याच्या शेजारी जाऊन बसा. माझा इलाज त्यानंच झाला.

आप्पाजी हातपाय धुऊन आले, पंच्यानं तोंड पुसत समोर बसले.

"सापडलं काय गं?"

वीणानं त्यांच्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. गजर, ग्रीनिच, साडेनऊ. आप्पाजी खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे मी उघडत नव्हतो!"

"आप्पाजी, मी..."

"तुला वाटलं होतं. असू दे. मलापण वाटलं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. दुरुस्ती करणाऱ्या माणसाची एक खोड असते. दोष सापडला, तरी तो शेवटच्या खिळ्यापर्यंत जुळतो का, ते तो बघतो.

"पण एक राहिलं," ते म्हणाले. "उठला की वाजतो म्हणालीस. मग हा रोज साडेनऊला वाजायला पाहिजे."

चंद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "अहो, गाडीत किती कालवा असतोय. कुणाला काय ऐकू येतंय..."

"आज गाडी बंद होती," आप्पाजी म्हणाले. "कंडक्टर काहीतरी बोलला. मी पास दाखवला. तर तो हसला." त्यांनी मला तिच्यापुढे सरकवलं. "गजर परत लाव, वीणा. आत्ता."

तिनं घड्याळ बघितलं, साडेपाच तास वजा केले आणि सहा मिनिटं पुढचा गजर लावला. मला सुरू होऊ दिलं आणि झाकण मिटलं. मी झोपलो. झोपताना शेवटचं जाणवलं ते हे, की माझ्या पाठीवर एक तळवा आला आहे. रुंद, खरखरीत, प्रेसच्या तेलाचा वास असलेला.

मग हाक आली.

माझी डिस्क फिरायला लागली. त्या तळव्याखाली माझं सगळं अंग बारीक थरथरलं. मी इतक्या मनापासून कधी वाजलो नव्हतो.

टी, टी.

"उठला," आप्पाजी म्हणाले. तळव्यानंच त्यांना ते सांगितलं होतं. त्यांनी मान वर केली आणि सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "वाजला?"

वीणानं मान हलवली.

"दोनदा?"

"दोनदा, आप्पाजी."

दारात चंद्राबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. आप्पाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, शिवलेल्या खिशाला हात लावला आणि तो हात परत माझ्यावर ठेवला.

"उद्या देवाप्पाला सांगतो," ते म्हणाले, "डाय त्यानं बसवायची. मी बाजूला उभा राहून बघेन. मला ऐकू येत नाही."